बर्सायटिस: इंजेक्शन घ्यायचं की फिजिओ करायची?

कुशीवर झोपवत नाही, स्टेशनचा जिना चढताना खुब्याच्या बाहेरच्या हाडावर नेमकी कळ येते आणि डॉक्टर म्हणतात "इंजेक्शन घ्या नाहीतर फिजिओ करा, तुम्ही ठरवा", अशा वेळी काय करायचं? गेल्या वर्षी आईच्या बाबतीत आम्ही याच पेचात होतो, म्हणून लिहितोय.

हाड आणि स्नायू एकमेकांवर घासू नयेत म्हणून मधे छोट्या चपट्या पिशव्या असतात, आत वंगणासारखं थोडं पाणी. ती पिशवी सुजली की बर्सायटिस. खुबा, खांदा, गुडघा, कोपर, टाच, कुठेही होतो.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनचा मोठा फायदा म्हणजे आराम लवकर पडतो, बऱ्याच जणांना काही दिवसांतच. पण तो टिकतो काही आठवडे, फार तर काही महिने. एकाच जागी वर्षाला तीन-चारपेक्षा जास्त सहसा देत नाहीत कारण बाजूचा टेंडन (स्नायू हाडाला जोडणारा दोरीसारखा भाग) कमजोर होऊ शकतो. आणि डायबिटीस असेल तर हे आधी सांगाच, इंजेक्शननंतर काही दिवस शुगर वाढते. आईला डायबिटीस आहे, त्यामुळे आमचं पारडं इथेच फिजिओकडे झुकलं.

फिजिओ मात्र संथ. दीड-दोन महिने रोज व्यायाम, आणि पहिले दोन-तीन आठवडे वाटतं काहीच होत नाहीये, तिथेच लोक सोडून देतात. आई पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलायची, दहा वेळा, आणि मी शेजारी बसून मोजायचो. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियात २०४ जणांवर झालेला अभ्यास आहे, खुब्याच्या बाजूच्या टेंडनच्या दुखण्यावर (बर्सायटिस म्हणतात त्यात बऱ्याचदा हेच असतं). आठ आठवड्यांनी व्यायाम आणि सवयी बदलणाऱ्यांपैकी सुमारे ७७ टक्के लोकांना चांगला फरक होता, इंजेक्शनवाल्यांत ५८, नुसती वाट बघणाऱ्यांत २९. वर्षानंतरही व्यायामवालेच पुढे.

तरी इंजेक्शन वाईट असं मी म्हणणार नाही. दुखण्याने रात्रभर झोप नाही, व्यायामच करवत नाही, तर एक इंजेक्शन घेऊन त्या मोकळ्या आठवड्यांत व्यायाम सुरू करावा. नुसतं इंजेक्शन घेऊन पुन्हा त्याच सवयी, हे मला पटत नाही. बर्फ कपड्यात गुंडाळून १५-२० मिनिटं लावणं चालतं, पेनकिलर गोळ्या मात्र अॅसिडिटी, बीपी किंवा किडनीचा त्रास असणाऱ्यांनी मनाने घेऊ नयेत.

सूज लाल, गरम आणि सोबत ताप असेल तर हा प्रश्नच बाजूला ठेवा, इन्फेक्शन असू शकतं, त्याच दिवशी डॉक्टर गाठा, तिथे स्टेरॉइड चालत नाही.

परत होऊ नये म्हणून आईने काय बदललं? लोकलमध्ये एका पायावर भार टाकून, कंबर एका बाजूला काढून उभं राहायची ती सवय सोडली, चटईऐवजी गादी, दुखऱ्या कुशीवर न झोपता दोन गुडघ्यांमधे उशी, मांडी घालून किंवा पायावर पाय टाकून बसणं बंद. गुडघ्याचा बर्सायटिस असेल तर गुडघे टेकून लादी पुसणं थांबवा, दांड्याचा मॉप आणा. खांद्याचा असेल तर रोज त्याच हाताने वरचं हँडल धरून लोंबकळू नका, हात बदला. आई अजूनही सकाळी चहाआधी ते दहा वेळा कंबर उचलते, आता मोजायला मी लागत नाही.