छातीवरच्या कॅमेऱ्याचे नाव सांगून आलेले खोटे चलन

वाहतूक पोलिसांच्या अंगावरील कॅमेऱ्यात आपल्या वाहनाचा नियमभंग नोंदवला गेला आहे, असा एक संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर आला आणि त्यानंतरच्या एका रात्रीत माझ्या क्रेडिट कार्डावरून सुमारे 86,000 रुपये गेले. ई-चलनाच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीविषयी पोलिसांनी वेळोवेळी इशारे दिलेले आहेत, तरीही हा प्रकार सविस्तर लिहावासा वाटतो, कारण फसवणाऱ्यांनी या वेळी दंडाच्या रकमेपेक्षा पुराव्याच्या चित्रफितीवर भर दिला होता. आपण खरोखर सिग्नल मोडला का, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याची इच्छा कोणत्याही प्रामाणिक वाहनचालकाला होते, आणि त्याच इच्छेवर हा सापळा रचलेला होता.

संदेशात माझ्या दुचाकीचा क्रमांक अचूक होता. लाल सिग्नल ओलांडताना आपले वाहन कर्तव्यावरील अधिकाऱ्याच्या बॉडी कॅमेऱ्यात चित्रित झाले असून चित्रीकरण पाहण्यासाठी सोबतची फाइल उघडावी, आणि 24 तासांत भरणा न केल्यास परवाना निलंबित होईल, असा मजकूर स्वच्छ मराठीत लिहिलेला होता. संदेश पाठवणाऱ्याच्या चित्राच्या जागी शासकीय बोधचिन्ह होते. त्याच आठवड्यात माझ्या रोजच्या रस्त्यावरील चौकात छातीवर कॅमेरा लावलेले वाहतूक पोलीस उभे असलेले मी पाहिले होते, त्यामुळे मजकुरातील दावा अशक्य वाटण्याचे काहीच कारण नव्हते. वाहनाचा क्रमांक तर रस्त्यावर सर्वांनाच दिसतो, आणि त्याला जोडलेला मोबाइल क्रमांक आपण गॅरेज, पीयूसी केंद्र, विमा नूतनीकरण, वाहनतळ अशा कितीतरी ठिकाणी लिहून देत असतो. म्हणून संदेशात आपला वाहन क्रमांक बरोबर असणे हा संदेश खरा असल्याचा पुरावा मुळीच नाही, हे आधी लक्षात घ्यावे.

अंगावर घालायच्या कॅमेऱ्यांच्या तंत्राविषयीच्या बातम्यांनीही फसवणाऱ्यांचे काम सोपे केले आहे. चीनमधील झेंगझोऊच्या रेल्वे स्थानकावर पोलिसांनी चेहरे ओळखणारे चष्मे वापरल्याचे 2018 मध्ये जगभर छापून आले, आणि तेव्हापासून पोलिसाने नुसते पाहिले तरी वाहनमालकाचे नाव त्याच्या डोळ्यांसमोर येते, अशी समजूत बऱ्याच लोकांच्या मनात घर करून आहे. आपल्याकडे तर अंगावरील कॅमेऱ्याला कायद्याचा आधारच आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 136 अ आले आणि त्याखाली ऑगस्ट 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम 167 अ घातला गेला. त्यातील इलेक्ट्रॉनिक अंमलबजावणी उपकरणांच्या यादीत स्पीड कॅमेरा, सीसीटीव्ही, स्पीड गन, डॅशबोर्डवरील कॅमेरा आणि क्रमांकपट्टी आपोआप वाचणारी यंत्रणा यांच्याबरोबर अंगावर धारण करण्याचा कॅमेराही आहे. म्हणजे संदेशातील उपकरण खरे होते, कायदा खरा होता, फक्त संदेश खोटा होता. यामुळेच ही फसवणूक ओळखणे जड जाते.

सोबतची फाइल एपीके प्रकारची होती. एपीके म्हणजे चित्रफीत नव्हे. ते अँड्रॉइड फोनवर बसवायचे अ‍ॅप असते. ती उघडताच फोनने अनोळखी स्रोतावरून अ‍ॅप बसवण्याची परवानगी मागितली आणि त्यापाठोपाठ एसएमएस, संपर्कयादी व कॉल यांच्या परवानग्या मागितल्या गेल्या. परवानग्या मिळाल्यावर शासकीय संकेतस्थळासारखे दिसणारे एक पान उघडले. त्यावर माझा वाहन क्रमांक आधीच भरलेला होता आणि चित्रफितीच्या जागी एक अंधुक चौकट दिसत होती. 500 रुपयांचे तडजोड शुल्क भरल्यावर चित्रीकरण खुले होईल, असे त्याखाली लिहिले होते. कार्डाचा तपशील भरल्यावर पान बराच वेळ फिरत राहिले आणि अखेरीस सर्व्हर व्यस्त असल्याची सूचना आली. ओटीपी मला कोणीही विचारला नाही आणि मी तो कोणाला सांगितलाही नाही. ही बाब विशेष महत्त्वाची आहे, कारण ओटीपी सांगितला नाही म्हणजे आपण सुरक्षित आहोत, असे आपल्या मनावर वर्षानुवर्षे बिंबवले गेले आहे. एसएमएस वाचण्याची परवानगी ज्या अ‍ॅपला मिळते, ते ओटीपी परस्पर वाचून पुढे पाठवू शकते. त्याला आपल्या तोंडून काही काढून घेण्याची गरजच उरत नाही.

रात्रीतून कार्डावर ऑनलाइन खरेदीचे अनेक व्यवहार झाले, त्यांतले बहुतेक गिफ्ट व्हाउचरचे होते. बँकेचे एसएमएस मला दिसलेच नाहीत, कारण अ‍ॅपने ते फोनवर येताच दडवले होते. सकाळी ईमेल उघडला तेव्हा एकाखाली एक व्यवहारांच्या सूचना ओळीने आलेल्या होत्या. तोपर्यंत अ‍ॅपचे चिन्ह फोनच्या पडद्यावरून नाहीसे झाले होते, आणि माझ्या संपर्कयादीतील नातेवाइकांना व सहकाऱ्यांना तशाच चलनाचा संदेश माझ्या नावाने जाऊ लागला होता. पैसे गेल्यापेक्षा मला याचा त्रास अधिक झाला. माझ्या वयस्कर मामांनी तो संदेश माझ्याकडून आला म्हणून निःशंकपणे उघडला होता. त्यांच्या फोनवर अनोळखी स्रोताची अ‍ॅप बंद ठेवलेली असल्यामुळे ते वाचले. ज्यांच्या घरी ज्येष्ठ मंडळी आहेत त्यांनी ही सेटिंग आजच तपासून घ्यावी, अशी माझी मनापासून विनंती आहे.

आता खरे चलन कसे असते ते लिहिते, कारण ते ठाऊक असते तर संदेशातील विसंगती वाचतानाच दिसली असती. 2021 च्या त्या नियमांनुसार उपकरणाच्या आधारे केलेल्या चलनासोबत नियमभंग आणि क्रमांकपट्टी दाखवणारे स्पष्ट छायाचित्र, उपकरणाने घेतलेले मोजमाप, तारीख, वेळ व ठिकाण, कायद्याच्या कोणत्या तरतुदीचा भंग झाला त्याचा उल्लेख आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याविषयीचे प्रमाणपत्र असणे अपेक्षित आहे. नियमात ज्या प्रमाणपत्राचा उल्लेख आहे ते जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 65 ब खालचे असून आता त्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 ने घेतली आहे. उपकरणाला स्वतःलाही मान्यता प्रमाणपत्र लागते आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. मला आलेल्या संदेशात ठिकाण नव्हते, वेळ नव्हती, कलमही नव्हते. होते ते केवळ 24 तासांचे भय. नियमभंगाची सूचना पाठवण्यासाठी शासनाने स्वतःला 15 दिवसांची मुदत घालून घेतली होती, हे पाहता वाहनमालकाला एका दिवसात पैसे भरायला लावणारा संदेश संशयास्पदच मानायला हवा.

चलन पाहण्यासाठी कोणतीही फाइल उघडण्याची आवश्यकता नसते. महाराष्ट्रात वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर वाहनाचा क्रमांक आणि चासी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार अंक टाकले की प्रलंबित चलने व त्यांची छायाचित्रे दिसतात; देशभरासाठी परिवहन मंत्रालयाचे ई-चलन संकेतस्थळही आहे. दोन्हींच्या पत्त्याचा शेवट ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ असा आहे. हा पत्ता संदेशातील दुव्यावर बोट ठेवून उघडू नये, स्वतः टाइप करावा. माझ्या वाहनावर तिथे एकही चलन नव्हते, आणि ही तपासणी करायला दोन मिनिटेही लागली नाहीत. शासनाकडून येणारे एसएमएस दहा अंकी मोबाइल क्रमांकावरून येत नाहीत. ते नोंदणीकृत अक्षरी नावाने येतात आणि 2025 पासून अशा नावाच्या शेवटी शासनासाठी ‘जी’ हे अक्षर जोडले जाते. आणखी एक गोष्ट म्हणजे, अंगावरील कॅमेऱ्यातील चित्रीकरण कर्तव्य संपल्यावर विभागाच्या साठवण यंत्रणेत उतरवून घेतले जाते आणि ते पुढे पुरावा म्हणून वापरायचे असते. पोलीस ते वाहनमालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर अ‍ॅपच्या रूपाने धाडत नाहीत.

माझी तक्रार नोंदवताना याच कॅमेऱ्याच्या नावाने चालणारा दुसरा एक प्रकार ऐकायला मिळाला. प्रतिबिंबित पट्ट्यांचे जाकीट घातलेला इसम शहराबाहेरच्या रस्त्यावर वाहन थांबवतो, छातीवरील उपकरणाकडे बोट दाखवून सर्व चित्रित झाल्याचे सांगतो, आणि चलन यंत्रणेत चढण्यापूर्वी निम्म्या रकमेत प्रकरण मिटवण्यासाठी क्यूआर कोड पुढे करतो. छातीवर लुकलुकणारा दिवा पाहिला की माणूस गप्प होतो, वाद घालत नाही. वास्तविक हा कॅमेरा अधिकाऱ्याचे वर्तनही नोंदवत असतो आणि त्यामुळे तो वाहनचालकाच्याही उपयोगाचा आहे. पण भीतीपोटी तो केवळ आपल्यावर रोखलेला आहे असे वाटते. अशा वेळी गाडी बाजूला सुरक्षित घ्यावी, अधिकाऱ्याचे नाव, हुद्दा व पोलीस ठाणे शांतपणे विचारावे, ओळखपत्र पाहावे आणि दंड ई-चलनानेच भरू असे सांगावे. ई-चलन झाले की रस्त्यावरच पैसे देण्याची सक्ती नसते. पैसे कोणाच्या नावावर जात आहेत ते क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर दिसते. तिथे खासगी व्यक्तीचे नाव आले तर भरणा थांबवून 112 वर कळवावे. लोकसेवक असल्याचे सोंग आणणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 204 खाली गुन्हा आहे.

ज्यांनी अशी फाइल आधीच उघडली असेल त्यांच्यासाठी, मी जे केले ते क्रमाने सांगते. फोन प्रथम विमान मोडवर टाकला, जेणेकरून अ‍ॅपला पुढचे ओटीपी पाठवता येऊ नयेत, आणि दुसऱ्या फोनवरून कार्ड व नेट बँकिंग बंद करायला लावले. बँकेकडून तक्रार क्रमांक लिहून घेतला. लगेच 1930 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर कळवले. तिथे प्रत्येक व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, रक्कम आणि वेळ विचारतात, त्यामुळे ईमेलमधील सूचना समोर ठेवाव्यात. पैसे कोणत्या बँकेत किंवा व्यापाऱ्याकडे गेले त्याचा माग घेऊन ते पुढे सरकण्यापूर्वी रोखण्याचा प्रयत्न याच यंत्रणेतून होतो, म्हणून इथे प्रत्येक तास मोलाचा असतो. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर आणि सायबर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली. संदेश, पाठवणाऱ्याचा क्रमांक आणि फाइलचे नाव यांचे स्क्रीनशॉट जपून ठेवल्यावरच फोन पूर्णपणे रीसेट केला आणि सर्व पासवर्ड व पिन दुसऱ्या उपकरणावरून बदलले. संपर्कयादीतील लोकांना फोन करून सावध करण्याचे काम घरच्यांनी वाटून घेतले.

माझ्या रकमेपैकी काही व्हाउचर वापरली जाण्यापूर्वी रोखली गेली. उरलेल्या रकमेविषयी बँकेचे म्हणणे असे की कार्डाचा तपशील मी स्वतः भरला असल्यामुळे नुकसान माझे आहे. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या हलगर्जीपणामुळे झालेले नुकसान बँकेला कळवेपर्यंत ग्राहकाने सोसायचे असते हे खरे. परंतु कळवल्यानंतर झालेल्या व्यवहारांची जबाबदारी बँकेची असते, आणि ग्राहकाचे दायित्व सिद्ध करण्याचा भारही त्याच परिपत्रकाने बँकेवरच टाकला आहे. माझ्या फोननंतर कार्ड बंद होईपर्यंत आणखी दोन व्यवहार होऊ दिले गेले, आणि रात्रीच्या वेळी एकापाठोपाठ एक होत असलेली व्हाउचर खरेदी बँकेच्या देखरेख यंत्रणेला खटकली नाही, हे दोन्ही मुद्दे मी लेखी मांडले आहेत. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर असमाधानकारक असले, तर एकात्मिक लोकपाल योजनेखाली रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. माझी तक्रार आता तिथे दाखल आहे, आणि बँकेला फोन केल्याची नेमकी वेळ दाखवणारी कॉल नोंद हाच त्यातील माझा सर्वांत भक्कम कागद आहे.