व्यसनमुक्तीनंतर पती-पत्नींनी एकत्र घ्यायचे समुपदेशन : एक अभिप्राय

माझ्या पतींची दारू सुटल्यानंतर आम्ही दोघांनी मिळून समुपदेशनाचा एक कार्यक्रम पूर्ण केला. ही पद्धत 'बिहेवियरल कपल्स थेरपी' या नावाने ओळखली जाते आणि हा अभिप्राय त्या पद्धतीविषयी आहे, एखाद्या केंद्राविषयी नाही. म्हणून केंद्राचे नाव येथे दिलेले नाही. माझे मत आधीच सांगते. व्यसन सुटलेल्या जोडीदाराबरोबर पुन्हा संसार उभा करण्याची दोघांचीही मनापासून इच्छा असेल, तर याहून उपयुक्त सेवा माझ्या पाहण्यात नाही. मात्र व्यसनी माणसाबरोबर वर्षे काढलेल्या जोडीदाराच्या मनात जे साचलेले असते त्याला या कार्यक्रमात पुरेशी जागा मिळत नाही, आणि ती जागा बाहेर शोधावीच लागते.

उपचार संपवून माणूस घरी आला की आप्तेष्ट अभिनंदन करतात आणि आता सगळे सुरळीत होईल असे सांगतात. प्रत्यक्षात घरातली दारू गेलेली असते, पण दारूभोवती बसलेली घडी तशीच असते. दार उघडण्याच्या आवाजावरून, बोलण्याच्या लयीवरून, पावलांच्या अंतरावरून अंदाज बांधण्याची पत्नीला लागलेली सवय महिनोन्‌महिने जात नाही. पती मात्र आपण मोठी गोष्ट केली, तिची दखल घेतली जावी, अशा अपेक्षेत असतात, आणि ती अपेक्षा चुकीचीही नसते. त्यातच दारू बंद झाल्यानंतर झोप न लागणे, चिडचिड आणि बेचैनी काही महिने टिकू शकते, त्यामुळे शुद्धीवर असलेला माणूसही कधी कधी परका वाटतो. कुटुंबांवर दीर्घकाळ काम केलेल्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टेफनी ब्राऊन यांनी व्यसनमुक्तीच्या सुरुवातीच्या काळालाच आघात म्हटले आहे, कारण जुनी व्यवस्था मोडलेली असते आणि नवी अजून तयार झालेली नसते. हे वर्णन मला अतिशय खरे वाटते. नेमक्या याच काळासाठी हा कार्यक्रम आखलेला आहे.

त्याची मांडणी मुख्यतः अमेरिकेत 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून झाली. टिमोथी ओ'फॅरेल आणि बार्बरा मॅकक्रेडी ही त्यातली महत्त्वाची नावे. साधारणतः आठवड्याला एक याप्रमाणे 12 ते 20 सत्रे होतात आणि दोघांनी ती एकत्र बसून करायची असतात. पतींचे स्वतंत्र उपचार, औषधे, स्वमदत गटाच्या सभा यांना हा पर्याय नाही. त्या चालू ठेवूनच हे करायचे असते. 2008 मध्ये 12 नियंत्रित चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले आणि त्यातून पुढे आलेली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते : उपचार संपतेवेळी या पद्धतीचा फायदा नात्यातल्या समाधानात दिसत होता, तर व्यसनाच्या प्रमाणातला फरक पुढच्या पाठपुराव्यात दिसू लागला. म्हणजे नाते आधी सावरले आणि त्याचा आधार व्यसनमुक्तीला नंतर मिळाला, असा अर्थ मी त्यातून काढते. ब्रिटनमध्ये उपचारांविषयी शिफारसी करणाऱ्या 'नाइस' या संस्थेच्या 2011 च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही, ज्यांचा जोडीदार सहभागी होण्यास तयार आहे अशा सौम्य अवलंबित्वाच्या रुग्णांसाठी या उपचाराची शिफारस आहे.

कार्यक्रमाचा गाभा म्हणजे रोज करायचा एक छोटा संवाद. ठरलेल्या वेळी दोघे समोरासमोर बसतात. पती सांगतात की गेल्या 24 तासांत मी दारू घेतलेली नाही आणि पुढचे 24 तासही न घेण्याचा माझा निर्धार आहे; तुझ्या साथीबद्दल आभारी आहे. पत्नी उत्तर देते की हे केल्याबद्दल मीही तुमची आभारी आहे, आणि आज माझ्याकडून काही मदत हवी असेल तर सांगा. त्यानंतर दिनदर्शिकेवर खूण केली जाते. एवढेच. पहिल्यांदा ऐकल्यावर हे पाठ केलेले आणि खोटे वाटते, आणि सुरुवातीला ते तसे वाटण्यात वावगे काही नाही, असे समुपदेशकांनीही आम्हाला सांगितले. परंतु या संवादाची किंमत त्यातल्या भावनेत नसून त्याच्या नियमितपणात आहे. विश्वास ठेव, असे कुणी सांगितले म्हणून विश्वास बसत नाही. पण रोज ठरलेल्या वेळी येऊन बसणे आणि तेच शब्द उच्चारणे हे कृत्य डोळ्यांना दिसते, मोजता येते, आणि ते चुकले तर तेही लगेच कळते. दिवसभर खिसे तपासणे, श्वासाचा वास घेणे, फोनवरचा आवाज पारखणे या पहाऱ्याची जागा हळूहळू हा एक संवाद घेतो. पतींच्या बाजूनेही दिवसभर संशयाखाली वावरण्यापेक्षा एकदा स्वच्छ शब्दांत सांगून मोकळे होणे सुसह्य असते. माझ्या अनुभवात संपूर्ण कार्यक्रमातला सर्वांत मोलाचा भाग हाच होता.

डॉक्टरांनी डायसल्फिराम हे औषध दिलेले असल्यास ते याच वेळी पत्नीसमोर घेण्याची पद्धत आहे. हे औषध मद्याच्या पचनातला एक टप्पा अडवते, त्यामुळे शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य साचते आणि दारू घेतल्यास चेहरा लाल होणे, उलट्या, छातीत धडधड असा तीव्र त्रास होतो. गोळी बंद केल्यानंतरही सुमारे दोन आठवडे ही शक्यता राहते. येथे एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. नवऱ्याला न सांगता हे औषध खाण्यापिण्यात मिसळण्याचा सल्ला हताश झालेल्या पत्नींना हितचिंतकांकडून मिळत असतो. तो जिवावर बेतू शकतो, आणि ज्या विश्वासासाठी हा सारा खटाटोप आहे तोच त्याने मुळापासून उखडला जातो. या कार्यक्रमात गोळी पती स्वेच्छेने, स्वतःच्या हाताने घेतात आणि पत्नी केवळ साक्षीदार असते. हा फरक शेवटपर्यंत पाळला जातो.

दैनंदिन संवादाबरोबर एक करार होतो आणि त्यातले एक कलम सर्वांत अवघड आहे. घरी असताना पूर्वीच्या पिण्याचा विषय काढायचा नाही आणि पुढे पुन्हा पिण्याच्या भीतीवरही बोलायचे नाही. असे बोलणे समुपदेशकांसमोरच्या सत्रासाठी राखून ठेवायचे. यामागचे कारण पटण्यासारखे आहे. सुरुवातीच्या दिवसांत अशी भांडणे पिण्याची तलफ जागी करतात, आणि दोघांपैकी कुणालाही त्यातून काही मिळत नाही. आमच्या घरात या कलमामुळे संध्याकाळी शांतता आली, हे मी मान्य करते. परंतु त्या शांततेचा भार मुख्यतः पत्नीने उचललेला असतो, हेही तितक्याच स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. ज्या स्त्रीने वर्षानुवर्षे खोटी कारणे सांगून घराची अब्रू सांभाळली, मुलांसमोर तोंड मिटून ठेवले, तिला आता ते सुधारत आहेत म्हणून पुन्हा गप्प राहा, असे सांगितले जाते. कलमाचा हेतू तसा नाही, पण अनुभव मात्र तसा येऊ शकतो.

हे बोलणे सत्रासाठी राखून ठेवायचे असेल, तर सत्रात त्याला भरपूर वेळ मिळायला हवा. तो मिळाला नाही, ही माझी या सेवेविषयीची मुख्य तक्रार आहे. आमच्या केंद्रात सत्राचा मोठा भाग आठवड्याचा आढावा आणि नवा अभ्यास यांत जात असे, आणि मागच्या दुखण्यांना हात घालण्याची वेळ कार्यक्रम संपत आला तरी पुढे ढकलली जात होती. कार्यक्रमाची रचना वर्तनावर भर देणारी आहे. आधी वागणे बदला, भावना मागून येतील, असे तिचे तत्त्व आहे. रागाच्या बाबतीत ते अर्धेच खरे ठरते. वागणे बदलल्याने नवा राग साचायचा थांबतो, पण जुना राग कुणीतरी पूर्ण ऐकून घेतल्याशिवाय ओसरत नाही, असे मला वाटते. ही सत्रे चालवणाऱ्यांनी जोडीदारासाठी काही स्वतंत्र बैठका आरंभापासूनच ठेवाव्यात, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

ही उणीव अल-अ‍ॅनॉनच्या सभांनी भरून काढली. मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी असलेले हे गट 1951 मध्ये लोइस विल्सन आणि अ‍ॅन बी. यांच्या पुढाकाराने एकत्र आले. लोइस यांचे पती बिल हे 1935 मध्ये मद्यपींच्या स्वमदतीसाठी सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचे सहसंस्थापक. पती दारू सोडून सभांमध्ये रमले असताना, एके दिवशी खड्ड्यात गेल्या तुमच्या सभा, असे म्हणत लोइस यांनी रागाने बूट फेकून मारला होता, ही हकिगत त्या स्वतः सांगत असत. पूर्वी बाटलीने नेलेला नवरा आता सभांनी नेला, ही व्यथा व्यसनमुक्त माणसाच्या कितीतरी पत्नींची आहे, आणि ती बोलून दाखवली तर कृतघ्नपणा ठरेल या भीतीने त्या गप्प असतात. अल-अ‍ॅनॉनमध्ये ती बोलता येते. तेथे शुल्क नसते, ओळख गुप्त राहते, सल्ले दिले जात नाहीत, आणि या आजाराला मी कारण नाही, तो मला ताब्यात ठेवता येत नाही आणि बराही करता येत नाही, हे तीन मुद्दे इतक्यांदा कानावर पडतात की अखेरीस ते पटू लागतात. इतर अमली पदार्थांच्या व्यसनाबाबत नार-अ‍ॅनॉन हे असेच गट आहेत. दांपत्य-समुपदेशन आणि असा गट, हे दोन्ही बरोबरीने चालवावेत. एकाने दुसऱ्याचे काम होत नाही.

कार्यक्रमातले बाकीचे अभ्यास साधे आणि उपयुक्त आहेत. जोडीदाराने दिवसभरात केलेली एक चांगली गोष्ट टिपून ती त्याला सांगणे, आठवड्यातून एकदा दोघांनी मिळून आनंदाचे काहीतरी करणे, समोरच्याचे बोलणे आपल्या शब्दांत परत सांगून मगच उत्तर देणे, तक्रारीऐवजी नेमकी विनंती करणे, असे त्यांचे स्वरूप आहे. अवघडलेपण जाईपर्यंत चिकाटी ठेवली तर फरक जाणवतो.

जबाबदाऱ्या परत सोपवण्याविषयी मात्र कार्यक्रमात फारच थोडे आहे, आणि ही बाब गंभीर आहे. व्यसनाच्या वर्षांत पैसा, मुलांचे निर्णय, नातेवाइकांशी व्यवहार हे सारे एका व्यक्तीच्या हाती गेलेले असते. आता पतींना त्यात परत यायचे असते आणि पत्नीला ते हातातून सोडवत नाही. तिचा हा ताबा हट्टातून नव्हे, तर निभावून नेण्यातून आलेला असतो. आम्ही समुपदेशकांच्या मदतीने एकेक जबाबदारी ठरावीक मुदतीने वाटून घेण्याची तोंडी योजना केली, परंतु त्यासाठी छापील अभ्यासपुस्तिकेत एकही पान नव्हते. मुलांच्या बाबतीत तर आईवडिलांना अधिकच मार्गदर्शन हवे असते. मुले वडिलांच्या शब्दावर आईपेक्षाही उशिरा विश्वास ठेवतात, आणि त्यांना घाई करता येत नाही. शारीरिक जवळिकीच्या प्रश्नालाही ओझरता स्पर्श होतो. दारू सुटली म्हणून पत्नीचे शरीर आपोआप निर्धास्त होत नाही, ही गोष्ट समुपदेशकाने स्वतःहून काढली पाहिजे, कारण पत्नी ती काढणार नाही.

शेवटच्या टप्प्यात पुन्हा व्यसनाकडे वळण्याच्या शक्यतेसाठी लेखी योजना करून घेतली जाते, आणि ती उत्तम असते. व्यसन पुन्हा सुरू होण्याचे प्रमाण 40 ते 60 टक्के असल्याचे अमेरिकेतील नायडा ही व्यसनांवर संशोधन करणारी सरकारी संस्था सांगते; उच्च रक्तदाब आणि दमा यांसारख्या दीर्घकालीन आजारांशी ते तुलनीय आहे. धोक्याची चिन्हे कोणती, स्लिप झाल्यास, म्हणजे पुन्हा दारू घेतली गेल्यास, पहिल्या काही तासांत कोणाला कळवायचे, मुलांना कुठे ठेवायचे, पैशाचे व्यवहार कोणाच्या हाती राहतील, आणि पत्नी कोणत्या मर्यादेपलीकडे थांबणार नाही, हे दोघांनी शांत डोक्याने आधीच लिहून सह्या केलेल्या असतात. त्यामुळे प्रसंग आलाच तर निर्णय भांडणाच्या भरात घ्यावे लागत नाहीत.

ही सेवा सर्वांसाठी नाही. घरात गंभीर हिंसा झालेली असेल किंवा पत्नीला पतींसमोर मोकळेपणाने बोलण्याची भीती वाटत असेल, तर एकत्र बसून समुपदेशन घेऊ नये. तेथे तिची आणि मुलांची सुरक्षितता प्रथम येते. दोघेही व्यसनात असतील आणि एकालाच सोडायचे असेल, तरीही ही पद्धत चालत नाही. आणि विभक्त होण्याचा निर्णय मनाशी पक्का झालेल्या स्त्रीला केवळ पतींची व्यसनमुक्ती टिकावी म्हणून या सत्रांना बसवणे हा तिच्यावर अन्याय आहे.

नाव नोंदवण्यापूर्वी समुपदेशकाला काही गोष्टी विचाराव्यात. व्यसन आणि दांपत्य-समुपदेशन या दोन्हींचे प्रशिक्षण त्यांनी घेतले आहे का. पहिल्याच भेटीत हिंसेविषयी ते पती-पत्नींना वेगवेगळे बसवून विचारतात का. जोडीदारासाठी स्वतंत्र वेळ मिळेल का. सत्रे संपल्यानंतर काही महिन्यांनी पाठपुराव्याच्या भेटी असतात का. शेवटच्या प्रश्नाला नाही असे उत्तर आले तर दुसरे केंद्र पाहावे, कारण दैनंदिन संवाद सहसा सत्रे संपल्यानंतरच्या महिन्यांत ढिला पडतो आणि तेव्हा कुणीतरी त्याची चौकशी करणारे असावे लागते.