यूएक्सचा बूटकॅम्प, घरबसल्या सर्टिफिकेट की एम.डेस.? करिअर बदलणाऱ्यांसाठी तुलना

“ताई, आज रात्री बारापर्यंत भरले तर तीस हजारांची सूट आहे. भरू का?”

मावसबहिणीचा फोन आला तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. ती नाशिकला एका शाळेत आठ वर्षं विज्ञान शिकवते. आता तिला यूएक्स (युजर एक्स्पिरियन्स) डिझाइनमध्ये, म्हणजे अ‍ॅप किंवा वेबसाइट वापरणाऱ्याला सोपी जाईल अशी घडवण्याच्या कामात यायचंय. कोर्स सहा महिन्यांचा, सूट धरून फी दीड लाख, त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे खिशातून जाणार १ लाख ७७ हजार. मी म्हटलं, बारा वाजू देत. एवढ्या पैशांचा निर्णय अडीच तासांत घ्यायचा नसतो.

तिला नीट उत्तर द्यावं म्हणून लिहायला बसले, तेव्हा लक्षात आलं की हाच प्रश्न वर्षभरात मला दहा-बारा जणांनी तरी विचारलाय. फिजिओथेरपिस्ट, मॅन्युअल टेस्टर, इंटिरियरची कामं करणारी एक मैत्रीण, बाळंतपणानंतर पुन्हा नोकरी शोधणाऱ्या दोघी. म्हणून सगळ्यांसाठीच लिहितेय.

मी स्वतः याच वाटेने आले. सांगलीत एका सहकारी बँकेच्या काउंटरवर सहा वर्षं होते. मग पुण्यात येऊन पाच महिन्यांचा कोर्स केला आणि तो संपल्यावर सात महिन्यांनी पहिली नोकरी लागली. आता एका सॉफ्टवेअर कंपनीत डिझाइन करते, आणि ज्युनिअरच्या जागेसाठी आलेले पोर्टफोलिओ (उमेदवारांच्या कामाचे नमुने) चाळण्याचं कामही माझ्याकडेच आहे. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंनी बघितलेलं सांगते.

वाटा कोणत्या

पहिली वाट बूटकॅम्पची, म्हणजे तीन ते सहा महिन्यांचा सलग, घाईचा कोर्स. फी पन्नास-साठ हजारांपासून तीन लाखांच्या घरात. दुसरी, घरबसल्या सर्टिफिकेट: गूगलचं यूएक्सचं सर्टिफिकेट कोर्सेरा या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर २०२१ पासून आहे, मासिक वर्गणी भरायची, आठवड्याला दहाएक तास दिले तर साधारण सहा महिन्यांत होतं. इंटरॅक्शन डिझाइन फाउंडेशन या ऑनलाइन शिकवणाऱ्या संस्थेची वर्षाची वर्गणी भरली की त्यांचे बहुतेक कोर्स खुले होतात. तिसरी, एम.डेस. (मास्टर ऑफ डिझाइन ही पदव्युत्तर पदवी): पूर्णवेळ दोन वर्षं, आयआयटीसारख्या ठिकाणी त्यासाठी आयआयटी मुंबई घेते ती सीड (CEED) प्रवेशपरीक्षा. चौथी वाट जाहिरातीत कधीच दिसत नाही, कारण ती विकून कोणाला पैसे मिळत नाहीत. ती म्हणजे आहे त्याच कंपनीत हळूहळू डिझाइनच्या कामाकडे सरकणं.

पैशांचा हिशोब फीपाशी थांबत नाही

समजा तुमचा हातात येणारा पगार ३५ हजार आहे. नोकरी सोडून सहा महिने कोर्स केला आणि नंतर सहा महिने नोकरी शोधली, तर बुडालेला पगार होतो ४ लाख २० हजार. दीड लाखाची फी त्यापुढे लहान आहे. मला विचाराल तर बूटकॅम्प की सर्टिफिकेट या प्रश्नाच्या आधी हा प्रश्न सोडवा: नोकरी चालू ठेवून जमेल का? शनिवार-रविवारच्या बॅचेस असतात. दमछाक होते, पण घरखर्च चालू राहतो आणि उतावीळपणे पहिली मिळेल ती नोकरी पत्करावी लागत नाही.

हप्त्यांचंही नीट समजून घ्या. ‘बिनव्याजी हप्ते’ म्हणतात तेव्हा बहुतेक ठिकाणी एखादी फायनान्स कंपनी संस्थेला पूर्ण फी देऊन मोकळी होते आणि कर्ज तुमच्या नावावर चढतं. तिसऱ्या महिन्यात कोर्स आवडेनासा झाला, सोडून दिला, तरी हप्ता थांबत नाही. चुकवला तर सिबिल स्कोअरला फटका. माझ्या बॅचमधला एक मुलगा दुसऱ्याच महिन्यात घरच्या आजारपणामुळे गावी परत गेला. पुढची दीड वर्षं तो न केलेल्या कोर्सचे हप्ते फेडत होता. डिजिटल कर्जातून सुरुवातीच्या काही दिवसांत बाहेर पडायची सोय रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी दिली आहे. सही करतानाच ती मुदत किती दिवसांची आहे ते विचारून घ्या.

एम.डेस.ला फी आणि बुडालेला पगार दोन्ही आहेत, पण आयआयटीत पात्र विद्यार्थ्यांना विद्यावेतन मिळतं आणि शैक्षणिक कर्जही सहज मिळतं. सीडला वयाची अट नाही, पदवी कुठल्याही शाखेची चालते. तिशी उलटलेल्यांना हे ठाऊकच नसतं. परीक्षा मात्र सोपी समजू नका. दुसऱ्या भागात हाताने चित्रं काढून कल्पना मांडायच्या असतात आणि त्याची तयारी बहुतेकांना वर्षभर तरी करावी लागते.

तुमचं काम बघणार कोण?

माझ्या मते निवड करायची ती इथे. बाकीचं सगळं, म्हणजे फिग्मा (स्क्रीन काढायचं सॉफ्टवेअर) कसं वापरायचं, वायरफ्रेम (स्क्रीनचा कच्चा आराखडा) म्हणजे काय, पर्सोना (नमुन्यादाखल कल्पिलेला वापरकर्ता) कसा लिहायचा, हे फुकट किंवा जवळपास फुकट मिळतं. जे मिळत नाही ते म्हणजे जाणत्या माणसाने तुमचं काम समोर ठेवून “हे चुकलंय आणि या कारणाने चुकलंय” असं सांगणं.

माझ्या कोर्समधली एक दुपार सांगते. वीजबिल आणि रिचार्ज भरायचं एक अ‍ॅप मी दोन आठवडे करत होते. रंग, अक्षरं, बटणाच्या कडा किती गोल, यातच जीव अडकलेला. मेंटर सरांनी स्क्रीन बघितलीच नाही. म्हणाले, “मला नको दाखवू. खाली जा, पाच जणांच्या हातात फोन दे आणि काही बोलू नकोस.” इमारतीखाली एक भाजीवाल्या मावशी बसायच्या. त्यांनी ग्राहक क्रमांकाच्या चौकटीवर बोट ठेवलं, कीबोर्ड वर आला, बिलावरचे बारा आकडे एकेक करून टाकले आणि थांबल्या. मीही थांबले. ‘पुढे जा’चं बटण कीबोर्डखाली गेलं होतं. मी सगळं लॅपटॉपवर बघत होते, तिथे कीबोर्ड कधी वर आलाच नव्हता. मावशींनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “झालं का गं? का माझंच काही चुकलं?”

हे वाक्य मी बँकेत सहा वर्षं ऐकलं होतं. भरणा स्लिपच्या एका भागावर रक्कम अक्षरी लिहायची राहिली की माणसं असंच ओशाळून विचारायची. चूक स्लिपची आहे हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. त्या दुपारी मला हे क्षेत्र कळलं.

आता बघा, पाच जणांच्या हातात फोन द्यायला पैसे लागत नाहीत. पाच माणसांकडून चाचणी घेतली तरी बहुतेक मोठ्या अडचणी समोर येतात हे वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नीलसन यांनी २००० सालीच लिहून ठेवलंय आणि ते कोणालाही वाचता येतं. मीही वाचलं होतं. तरी खाली गेले नसते. कोणीतरी पाठवलं म्हणून गेले. बूटकॅम्पच्या फीमधून काही विकत घेतलं असेल तर ते हेच.

म्हणून जिथे हे मिळत नाही तो बूटकॅम्प महागडं सर्टिफिकेटच आहे. चाळीस जणांची बॅच, मेंटर आठवड्यातून तासभर ऑनलाइन, आणि अभिप्राय म्हणून ‘छान, रंगांचं बघ’. अशा ठिकाणी दीड लाख भरण्यापेक्षा गूगलचं सर्टिफिकेट करा, धडे व्यवस्थित बांधलेले आहेत. तिथली उणीवही सांगते: असाइनमेंट तपासतात ते तुमच्यासारखेच शिकणारे. ते बिचारे मनापासून तपासतात, पण तुम्हाला जे दिसलं नाही ते त्यांनाही दिसत नाही. आणि हाकणारं कोणी नसल्याने दिवाळी आली, पाहुणे आले, की तिसऱ्या मॉड्यूलवर गाडी अडते.

एम.डेस.चं पाणी वेगळं. तिथे दोन वर्षं रोज कोणी ना कोणी तुमच्या कामाचे धागे उसवत असतं. फोनवर मराठी टाइप करायला स्वरचक्र वापरलंय? व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती स्वरांचं चाक उघडतं, बोट ज्या दिशेला सरकेल ती मात्रा लागते. ते पवईच्या आयडीसीत, म्हणजे आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागात घडलं. भारतीय लिपी कशी चालते आणि पहिल्यांदा टाइप करणारा माणूस कुठे अडतो, याचा मुळापासून विचार केल्याशिवाय असं काही सुचत नाही. असल्या कामाला सहा महिने पुरत नाहीत. ज्यांना संशोधनात जायचंय किंवा पुढे मोठ्या टीमचं नेतृत्व करायचंय, वय आणि घरची परिस्थिती परवानगी देते, त्यांनी बूटकॅम्पवर पैसे घालवण्याआधी सीडचा एक प्रयत्न करावा असं मी कळकळीने सांगते.

नोकरीचं काय

इथे गोड बोलून उपयोग नाही. २०२२ च्या शेवटी मेटाने ११ हजार आणि २०२३ च्या जानेवारीत गूगलने १२ हजार माणसं कमी केली, त्यानंतर अनुभवी डिझायनरही बाजारात आले आणि ज्युनिअरच्या जागा आटल्या. त्यात आता वर्णन लिहिलं की स्क्रीन काढून देणारी साधनं आलीत. खुद्द फिग्मातही ती सोय आहे. ज्या कोर्सचा निम्मा वेळ फिग्मा शिकवण्यात जातो त्याची किंमत त्याच प्रमाणात उतरली असं समजा.

पोर्टफोलिओ चाळताना मला काय दिसतं ते सांगते. दहातले सहा-सात पोर्टफोलिओ एका साच्यातले: जेवण मागवायच्या अ‍ॅपची नवी रचना, तोच हसरा पर्सोना, त्याच पिवळ्या चिठ्ठ्यांचा फोटो, शेवटी ‘युजर खूश झाले’. कोणत्या संस्थेचा आहे हे नाव न वाचता ओळखू येतं. सर्टिफिकेट कुठलं आहे हे मी बघतच नाही. एकदा एका नर्सचा पोर्टफोलिओ आला. देखणा मुळीच नव्हता. तिने आयसीयूतली ड्युटी बदलताना एका नर्सने दुसरीला काय काय सांगावं लागतं त्याचा कागद घेतला होता, कुठल्या रकान्यात लोक कधीच काही लिहीत नाहीत आणि का, हे दाखवलं होतं, मग तीन वेळा बदलून पाहिला होता. दुसरी आवृत्ती का फसली तेही लिहिलं होतं. तिला आम्ही दुसऱ्याच दिवशी बोलावलं.

करिअर बदलणाऱ्याचं भांडवल हेच असतं. ‘युजर एक्स्पिरियन्स’ हा शब्द ज्यांनी १९९० च्या दशकात ॲपलमध्ये रूढ केला ते डॉन नॉर्मन आधी मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. हे क्षेत्र बाहेरून आलेल्यांनीच उभं केलंय. बूटकॅम्प तुमचं जुनं काम पुसून सगळ्यांना सारखं अ‍ॅप करायला लावत असेल, तर तुमच्याकडची सर्वांत मोलाची गोष्ट तो काढून घेतोय.

चौथी वाट इथे फार वरचढ ठरते. टेस्टर, बिझनेस अ‍ॅनालिस्ट, कस्टमर सपोर्ट, फ्रंट-एंड (स्क्रीनवर दिसणारा भाग कोडमध्ये बांधण्याचं काम) यांपैकी कुठे असाल तर आधी तिथल्याच डिझायनरला “एखादं छोटं काम द्या” म्हणून मागे लागा. खरं प्रॉडक्ट, खरे युजर, डेव्हलपरने “हे होणार नाही” म्हटल्यावर काढावी लागणारी पळवाट: हे कुठलाच कोर्स देऊ शकत नाही. अशांनी सर्टिफिकेटवर भागवावं. बूटकॅम्पचा खरा उपयोग शाळा, दवाखाना, बँक अशा ठिकाणांहून येणाऱ्यांना होतो, ज्यांच्या आजूबाजूला डिझाइन करणारं एकही माणूस नाही आणि ज्यांना स्वतःहून काम तडीस नेण्याची सवय लागलेली नाही. मी तशीच होते.

फी भरायच्या आधी

डेमो लेक्चरला जाऊ नका, ते सगळीकडे छान असतं. चालू बॅचच्या एखाद्या क्रिटिकच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या कामाची चिकित्सा होते त्या तासाला मागे बसू द्या म्हणा. नाही म्हणाले तर उत्तर मिळालं. मेंटर तुम्हाला एकट्याला आठवड्याला किती वेळ देणार, तो सध्या डिझायनर म्हणून काम करतो का, आणि प्रकल्पाचा विषय तुमचा तुम्ही निवडू शकता का, हे लेखी घ्या. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ असेल तर करार पूर्ण वाचा. कुठल्याही शहरातली, कुठल्याही पदाची आलेली नोकरी नाकारली की हमी संपते, असं एखादं कलम त्यात असतं. गेल्या बॅचच्या तीन जणांशी तुम्ही स्वतः शोधून बोला, संस्थेने दिलेल्या नंबरांवर नको.

मावसबहिणीने त्या रात्री पैसे भरले नाहीत. मी तिला एक काम दिलंय: महिनाभर शाळेतलंच काहीतरी घे, दोन शिक्षकांना ते करताना नुसतं बघ, आणि लिहून काढ. त्यात मन रमलं तर शनिवार-रविवारची छोटी बॅच आपण मिळून शोधू.

काल तिचा फोटो आला. स्टाफरूममध्ये एक बाई निकाल संगणकात भरताहेत, आणि कीबोर्डवर उघडी वही. सगळे गुण आधी वहीत लिहिलेले, मग एकेक करून आत टाकायचे. फोटोखाली तिने लिहिलंय, “ताई, सगळेच असं करतात. मीपण आठ वर्षं हेच करतेय. गुण भरताना मुलाचं नाव वर सरकून दिसेनासं होतं म्हणून!”