पेन की स्वयंचलित पंप? जळगावच्या मे महिन्यातला हिशेब

टाइप १ मधुमेहात पेनवर दोन इन्सुलिनं लागतात: दिवसभर पुरणारं आणि जेवणाआधीचं झटपट. म्हणजे रोज चार-पाच टोचण्या. पंप म्हणजे अंगावर लावलेलं, सतत थोडं थोडं इन्सुलिन सोडणारं यंत्र; त्यात फक्त झटपट इन्सुलिन असतं. त्वचेवर लावलेला सेन्सर दर ५ मिनिटांनी साखर कळवतो, पंप पुरवठा कमी-जास्त करतो. रात्री साखर उतरण्याची धास्ती त्याने खरोखर कमी होते. जेवणातली कर्बोदकं मात्र तुम्हीच सांगायची. खापरावरची पुरणपोळी न सांगता खाल्ली, तर पंप मागून धावत राहतो.

पंपाची दुखरी बाजू म्हणजे कॅन्युला, म्हणजे त्वचेखाली इन्सुलिन सोडणारी बारीक नळी. ती दुमडली किंवा घामाने चिकटपट्टी सुटली, तर अंगात दिवसभर पुरणाऱ्या इन्सुलिनचा साठा नसल्याने काही तासांतच कीटोन (इन्सुलिनअभावी रक्तात साचणारी घातक आम्लं) चढतात. साखर २५०च्या वर अडकली आणि दुरुस्तीच्या डोसनेही उतरेना, तर कीटोन तपासा, डोस पेनने घ्या, मग सेट (कॅन्युला आणि तिची नळी) बदला. एरवीही सेट २-३ दिवसांनी बदलायचाच. थोडक्यात, पंपवाल्या घरातही पेन हवंच.

उन्हाचं गणित वेगळं. वापरातलं पेन ३० अंशांखाली, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मातीच्या भांड्यात (पिशवीत बांधून) ठेवता येतं. पंप अंगावरच असतो, आणि ३७ अंशांपुढे त्यातलं इन्सुलिन बिघडू लागतं. केळीच्या बागेत दुपारी राबणाऱ्याने पंपातली इन्सुलिनची टाकी अर्धीच भरावी, लवकर बदलावी. भरताना दर मिलीला १०० युनिटचंच इन्सुलिन घ्यावं. ४०ची कुपी भरली तर डोस निम्म्याहूनही कमी पडतो.

पंपाचा खर्च लाखांत, शिवाय सेन्सर-सेटचा दरमहा. तो पेलत नसेल तर पेन आणि सेन्सर ही जोडी बरी.