नेताजीनगरची झोपडी, सात रात्री

लिटल अंदमान बेट पोर्ट ब्लेअरच्या (आताचं श्री विजयपुरम) दक्षिणेला, सुमारे १२० किलोमीटरवर. सरकारी जहाजाने हट बे जेट्टीवर उतरले तेव्हा पोटात काही शिल्लक नव्हतं, लाटांनी सगळं वसूल केलं होतं.

झोपडी बांबूची, वर पत्रा. फोनवर 'मच्छरदाणी आहे' म्हणाले. आहे, पण तिला बशीएवढं भोक. पहिल्या रात्री ते मी केसांच्या रबराने आवळलं, तेच सातही रात्री टिकलं. मालकांना दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा 'हो हो, बदलतो.' बाथरूम बाहेर, बादलीत पाणी आणि कडेला बेडूक. त्याची सवय होते.

पण मावशींच्या हातची मासळीची आमटी! त्या आमटीसाठी मी भोकवाली मच्छरदाणी माफ केली. दुपारी सायकल काढून बटलर बेचा समुद्रकिनारा गाठायचा. वाळूतल्या बारीक माश्या मात्र चावतात आणि खाज दोन दिवस जात नाही. तेल चोपडून बसा, ओल्या वाळूत लोळू नका. खाडीच्या तोंडाशी तर पायही बुडवायचा नाही, मगरी खऱ्या आहेत. ओंगे या इथल्या आदिवासींच्या राखीव भागाकडेही फिरकायचं नाही, तिथे बाहेरच्यांना बंदी आहे.

हिवाळ्यात साडेपाचलाच अंधारतं, त्यामुळे टॉर्च हवाच. रोख पैसे पोर्ट ब्लेअरमध्येच काढून ठेवा. पाचपैकी साडेतीन. अर्धा आमटीचा.