चष्मा गेला नाही, तरी चार तारे

माझा नंबर मायनस पावणेसात, दोन्ही डोळे. नऊ वर्षं सॉफ्ट लेन्स लावतेय. राहते वर्तकनगरला, ऑफिस ऐरोलीला. सकाळी सातला लेन्स आत गेली की रात्री दहालाच बाहेर. लेझर करून एकदाचं सुटावं म्हणून आधी घोडबंदर रोडच्या एका चकचकीत सेंटरमध्ये गेले. तिथे डोळ्यांपेक्षा ईएमआयचीच चौकशी जास्त. लेन्स काढून दहा मिनिटांत स्कॅन, आणि लगेच शनिवारची तारीख! ऑफिसातली मैत्रीण माझ्यावर ओरडली आणि पाचपाखाडीतल्या या छोट्या दवाखान्यात पाठवलं.

इथे डोळे तपासणाऱ्या ऑप्टोमेट्रिस्ट ताईंचा पहिलाच प्रश्न, "लेन्स कधी काढल्या?" म्हटलं, आत्ता, रिक्षात. त्यांनी फाईल मिटली. "पंधरा दिवस फक्त चष्मा, मग या." लेन्सने कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, आकार बदललेला असतो, तो पूर्ववत झाल्याशिवाय मोजमाप खरं येत नाही म्हणे. माझा हाफ डे गेला, चिडले. पण त्या दिवशी एक पैसा घेतला नाही.

दुसऱ्या खेपेला डॉक्टर मॅडमनी माझाच डोळा स्क्रीनवर मोठा करून दाखवला. बुबुळाच्या वरच्या कडेवरून केसाएवढ्या लाल रेषा आत सरकत होत्या. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तर ती काचेसारखी. प्राणवायू तिला मुख्यतः हवेतूनच, अश्रूंमार्फत मिळतो. "तू पंधरा तास झाकण ठेवतेस, मग शरीर रक्त पाठवणारच की."

मग मी कबूल केलं की एकदा लोकलमध्ये लेन्स लावूनच झोपले होते आणि ठाण्याला उतरल्यावर प्लॅटफॉर्मच्या प्रत्येक दिव्याभोवती रंगीत कडी दिसली होती. मॅडम म्हणाल्या, ती सूज होती. डोळ्याचा पांढरा भाग आणि ही काच, दोन्ही कोलॅजेनच्याच धाग्यांची. पांढऱ्यात धागे जाडेभरडे, वेडेवाकडे. काचेत मात्र सारख्या जाडीचे, सारख्या अंतरावर, म्हणून उजेड न विखुरता आरपार जातो. आतल्या थरातल्या पेशी सतत पाणी उपसत असतात. उपसा कमी पडला की काच फुगते, धाग्यांमधलं अंतर बिघडतं. हे ऐकेपर्यंत माझ्या लेखी कॉर्निया म्हणजे नेत्रदानाच्या पोस्टरवरचा शब्द.

हिशेब त्यांनी माझ्यासमोर कागदावर मांडला. माझ्या कॉर्नियाची जाडी 487 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). फ्लॅप, म्हणजे लेझरआधी कापून उचलायचा वरचा पातळ पापुद्रा, 110, नंबर घालवायला साधारण 95. उरतात 282. "अडीचशेच्या वर आहे, करणारे करतील. मला तीनशे हवेत." पातळ पडलेली काच पुढे फुगू शकते. मग फ्लॅपशिवायचं, वरचा थर काढून करायचं लेझर? त्यात एवढ्या नंबराला जखम भरताना धागे अस्ताव्यस्त येऊन धुरकटपणा राहण्याची भीती. औषधाने तो कमी होतो, पण भीती पूर्ण जात नाही. तिसरा पर्याय डोळ्याच्या आत लेन्स बसवायचा. त्यासाठी त्या उपसा करणाऱ्या पेशी मोजल्या, चौरस मिलिमीटरला 2,700. पुरेशा आहेत, पण या पेशी पुन्हा तयार होत नाहीत, त्यामुळे लेन्स बसवली तर दरवर्षी मोजणी करावी लागेल. खर्चही लेझरपेक्षा बराच जास्त. तूर्तास चष्माच. आई म्हणते, लग्नाआधी काहीतरी कर. बघू.

तपासणीचे साडेतीन हजार, पावती न मागता मिळाली. स्कॅनचे प्रिंटही हातात दिले, ते आधीच्या सेंटरने मागूनही दिले नव्हते.

एक तारा कापलाय तो बसायच्या जागेसाठी. बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घालून तासभर बाहेर बसवतात, तेही नेमकं ट्यूबलाईटखाली, सहा खुर्च्यांत अकरा माणसं. काळा चष्मा घरून न्या. आणि स्कूटर नेऊ नका. मी नेली होती, मग भावाला कळव्याहून बोलवावं लागलं.