विंडोज नव्याने टाकून घेतलं: काम झटपट, पण एडिशन (विंडोजचा प्रकार: होम की प्रो) बघून घ्या

आरएनटी मार्गावरच्या या दुकानात हार्ड डिस्क साफ करून विंडोज ११ टाकून देतात. हात सफाईदार आहे. जुन्या सगळ्या पार्टिशन (डिस्कचे भाग) उडवून ‘अनअलोकेटेड स्पेस’वरच, म्हणजे मोकळ्या जागेवर नेक्स्ट दाबलं, ईएफआयसकट (बूटसाठीचा छोटा भाग) बाकीच्या पार्टिशन सेटअप स्वतः करतो. बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) यूईएफआय मोड, म्हणजे बूट व्हायची नवी पद्धत, आधी तपासला, हेही बरं. लेगसीत (जुन्या पद्धतीने) बूट झालं असतं तर जीपीटी (नव्या पद्धतीच्या मांडणीच्या) डिस्कवर इन्स्टॉल अडलंच असतं.

खरी परीक्षा पुढे. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपवर सेटअपला डिस्क दिसतच नाही. लगेच ‘एसएसडी गेली’ म्हणणाऱ्याकडून उठून यावं. व्हीएमडी (इंटेलची डिस्क सांभाळणारी सोय) चालू असतं, एवढंच. त्यासाठीचा इंटेलचा आयआरएसटी ड्रायव्हर झिपमधून सोडवून पेन ड्राइव्हवर ठेवायचा आणि ‘लोड ड्रायव्हर’ने दाखवायचा. इथे तो तयार होता.

गुण कापले ते एडिशनसाठी. मशीन होमचं, चढवलं प्रो! मूळ डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी बांधलेलं असतं. तेच एडिशन टाकलं तर ‘की’ (लायसन्सचा कोड) न मागता नेटवर अ‍ॅक्टिव्हेट होतं. वर दुकानदार ‘अ‍ॅक्टिव्हेटर (लायसन्स चुकवणारं सॉफ्टवेअर) मारून देतो’ म्हणे. नको रे भाऊ, अशा क्रॅकसोबत व्हायरस फुकट येतो. सांगितल्यावर होम टाकून दिलं, कुरकुर न करता.

बॅकअप घरूनच घेऊन जा. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की बहुधा मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर सापडते, पण डिस्क पुसल्यावर तिचा काही उपयोग नाही.